डिंक आणि सुई

१९ जानेवारी

रिपोर्ट आला. अक्काच्या मुलीने, भाची शिल्पाने, फोनवर पक्के सांगितले. ती कलबुर्गीच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, तेव्हा वाचण्यात चूक नाही. अक्काच्या लघवीत पुन्हा तोच जंतू. या वेळी तोंडाने घ्यायची एकही गोळी त्याच्यावर चालत नाही. शिरेतून द्यायची थोडी इंजेक्शने तेवढी उरलीत. म्हणजे दवाखान्यात राहणे आले.

अक्का राहणार नाही. दिवाळीनंतर भरती केली होती, तर दुसऱ्याच सकाळी सलाईनची सुई आपल्या हाताने उपसली आणि खटकचिंचोळीला घरी परत. घरातल्या सगळ्यांनी विचारून पाहिले. उत्तर एकच: "माझा इस्वास डिंकावर हाय."

शि. म्हणाली, "मामा, ऐकलं तर तुमचंच ऐकंल अव्वा. अप्पा तर डिंकाच्याच पार्टीत."

२० जानेवारी

बसवकल्याणहून सकाळच्या गाडीने अक्काकडे. भाऊजी शेतातच होते. करडई फुलावर आहे, बांधाला मधमाश्यांच्या पेट्या मांडलेल्या. चपट्या पात्याने पेटीच्या फटीतला डिंक खरवडत होते. माश्या झाडांची राळ आणून फटी बुजवतात, तोच हा डिंक. काळपट, चिकट, वास मात्र चांगला.

भाऊजींनी पालीची गोष्ट पुन्हा सांगितली. "पेटीत पाल शिरली, मेव्हणे. माश्यांनी डंख मारून मारली, पर बाहीर वढता यीना. मग डिंकात मढवून टाकली. मी उघडून बघतो तर जशीच्या तशी. कुजली न्हाई, वास न्हाई. असलं औषध कुण्या डाक्टरकडं हाय?"

घरी जेवताना तीच गोष्ट परत. अक्का आतून म्हणाली, "मला बी तशीच मढवा म्हंजे झालं."

हसलो सगळे. हसताना तिने कुशीला हात धरला. वाळली आहे.

डिंक पाण्यात विरघळत नाही, स्पिरिटात विरघळतो. शि.ने बापाला कितीदा सांगितले. भाऊजींचे उत्तर ठरलेले: "लिंगायत शरणांचं घर हाय. दारू उंबऱ्याच्या आत आली न्हाई, औषधाचं नाव घिऊन बी येणार न्हाई." म्हणून ते पाण्यात उकळतात. डिंकाचा गोळा भांड्याच्या तळाशी बसतो, तो फेकून देतात. वरचे पिवळे पाणी अक्का सकाळ-संध्याकाळ पिते.

दवाखान्याचा विषय काढला. ती उठून चहा टाकायला गेली.

२२ जानेवारी

शि.ने कॉलेजातल्या प्लेटचा फोटो पाठवला. काचेच्या तबकडीवर जंतूंचा दुधट थर, मधे डिंकाचा थेंब, त्याभोवती स्वच्छ गोल. तिथे जंतू वाढलेच नाहीत. भाऊजींनी फोटो गावभर पाठवला. दुपारी लातूरहून, मी बातम्या पाठवतो त्या पुरवणीच्या संपादकांचा फोन: "तुमच्या घरचीच बातमी आहे. उद्या संध्याकाळपर्यंत द्या. फोटो मोठा लावतो."

आधी शि.ला फोन केला. ती सरळ बोलली. प्लेटवरचा जंतू अक्काचा नाही, वर्गात शिकवायला ठेवलेला साधा आहे. डिंक स्पिरिटात विरघळवलेला. नुसत्या स्पिरिटाच्या थेंबानेही लहानसा गोल पडला, डिंकाचा त्याहून मोठा. म्हणजे डिंकात काहीतरी आहे. अप्पांच्या पिवळ्या पाण्याने? काहीच नाही. थर जसाच्या तसा.

"आणि प्यायला तर त्यातलं मूत्राशयापर्यंत किती पोचतं?"

"ते मला ठाऊक न्हाई मामा. अजून कुणाला नीट ठाऊक हाय असं मला तरी वाटत न्हाई. अव्वाला आता इंजेक्शनच पायजे."

संपादकांना कळवले: आताच नाही. नाराज झाले. होऊ देत. ही बातमी छापून आली की भाऊजी ती अक्कासमोर धरणार, आणि माझे नाव खाली.

पिवळ्या पाण्याचे भाऊजींना कोण सांगणार? शि. म्हणते मामांनी. मी म्हणतो तिने.

२३ जानेवारी

भाऊजींचा फोन, आवाज बारीक. अक्काला हुडहुडी भरून ताप. पाठीत, बरगडीखाली कळ. शि.ने तिकडून डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, जंतू मूत्रपिंडात चढलेला दिसतो, आता घरी ठेवू नका, रक्तात गेला तर हाताबाहेर जाईल.

पोचलो तर अक्का दोन रगांखाली. जीप बोलावून ठेवली. तिने मान हलवली. न्हाई.

"डिंक घेतलाय. उतरंल."

भाऊजी दाराशी उभे. मग म्हणाले, "ती न्हाई म्हणायली तर मी काय करू, मेव्हणे?" मी पिवळ्या पाण्याचे सांगणार होतो. चेहरा बघून ते राहू दिले.

तेवढ्यात अक्का उठली. म्हणे, आंघोळीला पाणी काढा. एवढ्या तापात. ओरडलो मी. ऐकले नाही. भिंत धरत न्हाणीत गेली, परत आली, कपाळाला विभूती लावली. पूजेला बसली. गळ्यातल्या चांदीच्या डबीतून इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घेतले; ते डाव्याच हातावर धरायचे असते. उजव्या हाताने डावा खालून धरला.

मी समोर बसलो होतो. त्या डाव्या हाताच्या पाठीवर, अंगठ्याच्या वर, काळसर डाग. जुन्या सुईचा.

माझी स्वतःची डबी कुठे आहे तेही आठवत नाही. पूजा सुटून किती वर्षे झाली. नाहीतर हे दिवाळीनंतरच लक्षात आले असते.

पूजा होईपर्यंत थांबलो.

"अक्का, त्या टायमाला सुई डाव्या हातात होती का?"

"व्हय."

"म्हणून काढलीस?"

"पट्ट्या गुंडाळून फळी बांधली होती खाली. हात वळंना. दिस उजाडला, पूजा कशी करू?"

"मग सांगितलं कामून न्हाईस?"

"कुणी इचारलं? आन् ती सिस्टर पोरगी चांगली होती रे. जेवायला उजवा हात मोकळा ऱ्हावा म्हणून डावीकडं लावली तिनं. तिला काय म्हणू?"

"आणि डिंक?"

हळूच, दाराकडे बघत, "डिंक बोललं की पुढं कुणी इचारत न्हाई. त्यांनाबी बरं वाटायचं. तू सांगू नगंस."

"सुई उजव्या हातात लावली तर येशील?"

"मग कामून न्हाई येणार?"

भाऊजींनी जीपमध्ये चादर अंथरली. डिंकाच्या पाण्याची बाटली पण ठेवली.

२४ जानेवारी

कलबुर्गी. काल संध्याकाळीच भरती. सिस्टरला म्हणालो, उजव्या हातात लावा. तिने "आयतु", बरं, म्हटले आणि लावली. बस, एवढेच.

भाऊजींनी डॉक्टरांपुढे बाटली धरली. डॉक्टर हसले नाहीत. हातात घेऊन वास घेतला. म्हणाले, सध्या बंद ठेवा, आधी इंजेक्शनचे काम बघू. भाऊजींनी बाटली पिशवीत घातली, मग बाहेर जाऊन नळाखाली ओतली. मी पाहिले ते त्यांना कळले नाही.

अक्काचा उजवा हात बांधलेला, म्हणून भाऊजी भरवतात. भात तिच्या हनुवटीवर सांडतो.

"माश्यांना साखरपाणी पाजायला येतं, बायकोला भात चारायला येत न्हाई?"

"माश्या बोलत न्हाईत."

ताप अजून आहे.

२५ जानेवारी

सकाळी पडदा ओढून पूजा. शि.ने मगात पाणी आणले, ओल्या फडक्याने अंग पुसले. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीने पडद्याआडून कन्नडात विचारले, झाली का पूजा, माझ्या नावाने पण हात जोड.

दुपारी ताप उतरला, संध्याकाळी पुन्हा चढला. पहिल्याइतका नाही. डॉक्टर: औषध लागू पडतेय असे वाटते, पण लघवीचा नवा कल्चर रिपोर्ट आल्याशिवाय मी बोलणार नाही. हा माणूस मला आवडला.

शि.ने बापाला पिवळ्या पाण्याचे सांगून टाकले. दवाखान्याच्या पायऱ्यांवर, मी लांब उभा होतो. भाऊजी पायरीवर बसले. मग म्हणाले, "म्हंजे खरं औषध मी फेकायलो होतो." नंतर: "कॉलेजात काय स्पिरिट घालायचं ते घाल. डिंक मी देतो. माझ्या उंबऱ्याच्या आत नको." शि. आता अक्काचाच जंतू घेऊन प्लेट करता येईल का ते वरिष्ठांना विचारणार आहे. परवानगी लागते, त्या जंतूसाठी तिच्या कॉलेजची सोय पुरणार नाही बहुतेक.

संपादकांचा पुन्हा निरोप. उत्तर दिले नाही.

२७ जानेवारी

ताप नाही. काल दुपारपासून.

पण उजवा हात सुजला. शीर फुगली, औषध आत जाताना आग होते. सिस्टरने कोपरापर्यंत चाचपून पाहिले. म्हणाली, इकडे शीर मिळणे कठीण, उद्या बदलताना डावीकडे बघावे लागेल. डोस अजून बरेच बाकी आहेत.

मी बोलायला तोंड उघडले. अक्काने डोळ्यांनीच थांबवले. सिस्टरचा हात धरून खाली बसवले आणि कन्नडात, सावकाश, स्वतः सगळे सांगितले. डबी उघडून दाखवली. तळहात पुढे करून दाखवला, हात कुठून वळतो, कुठे फळी नको. सिस्टरने मनगटाच्या बरीच वर बोट ठेवून विचारले, इथे चालेल? अक्का म्हणाली, "बघू."

सुई सकाळी बदलणार. अक्काने सांगून ठेवले आहे, आधी पूजा, मग सुई. नवा कल्चर परवा यायचा आहे, शि. थेट प्रयोगशाळेतून आणणार. भाऊजी आज रात्री गावी गेले. करडईची फुले सरत आली, पेट्या हलवायच्या आहेत. जाताना अक्काला म्हणाले, परवा येतो, तवर सुई काढू नकोस.

"न्हाई काढत," ती म्हणाली. "इस्वास हाय."

कशावर, ते विचारले नाही कुणी.