पुढच्या सीटवरचं पातेलं

प्रिय टकळे,

माझं अक्षर बघून दचकू नकोस. घरी सगळं ठीक आहे. तुझी आई ठणठणीत आहे आणि मलाही काही झालेलं नाही. फोनवर मला बोलता येत नाही हे तुला ठाऊकच आहे. ‘बरी आहेस ना? जेवलीस ना? थांब, आईला देतो,’ एवढ्यात माझं भांडार रिकामं होतं. म्हणून कागद घेतला. हा चौथा. आधीचे तीन टरकावले, कारण त्यांत नुसत्या हवापाण्याच्या गप्पा झाल्या आणि मला सांगायचंय ते गाडीबद्दल.

गेले पंधरा दिवस मी पिकअपच्या मागे लागलोय. तिचे मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे बदलायचेत. तू म्हणशील, त्यात काय एवढं, सकाळी मिस्त्रीकडे टाकायची आणि संध्याकाळी आणायची. मीही तसाच गेलो होतो. पण मिस्त्रीने गॅरेजच्या दारातच मला विचारलं, “काका, भरलेली जास्त चालणार की रिकामी? आणि शेजारी कोण बसणार?” सव्वीस वर्षं फरशा वाहतोय मी. उत्तर जिभेवर असायला हवं होतं. मी म्हणालो, विचार करून सांगतो. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी स्वतःचं नाव विसरलोय.

तसा तुझाच विचार डोक्यात होता. तुला सहावा महिना लागलाय, जावई दोन महिने कामावर बाहेर, आणि तुझी आई रोज म्हणते की तिला इकडे आणा. तू नाही म्हणतेस. मला वाटलं, गाडी नीट करून घेतली तर कदाचित हो म्हणशील. हे कुणाला बोललो नाही. मिस्त्रीलाही नाही.

त्याच्याकडे तीन वाटा आहेत. एक, आहेत ते पाटे ठेवायचे आणि फक्त शॉकअप नवे घालायचे. म्हणजे तीन वर्षांपूर्वी मी जो जाड पाटा जादाचा टाकून घेतला तोही राहणार. फरशी कितीही भरा, गाडी वाकत नाही. पण रिकामी असली की दगडासारखी. दुसरी वाट, तो पाटा काढायचा आणि वजन कमी घ्यायचं, म्हणजे फरशीवाल्याला हात जोडायचे आणि भाज्या-गाद्या वाहायच्या. तिसरी, पाटा काढून त्या जागी रबराचे फुगे बसवायचे. माल भरला की त्यांत हवा भरायची, रिकामी झाली की सोडायची. ऐकायला झकास, पण रोज निघण्याआधी पाच मिनिटं वाकून हवा तपासावी लागते, नाहीतर भर रस्त्यात फुस्स. मिस्त्री मला ओळखून आहे. म्हणाला, तुमच्याच्याने हे रोजचं व्हायचं नाही.

मग सुरू झालं. सोमवारी दुसरी वाट ठरवली, मंगळवारी फरशीवाला भेटला आणि पहिली ठरवली. बुधवारी जेवता जेवता उठलो आणि मिस्त्रीला फोन लावला. आता तो माझा फोन उचलत नाही. बसवत नाही मला. बसलो की उठतो, उठलो की फाटकापर्यंत जाऊन गाडी बघून येतो. तुझी आई म्हणाली, माझ्याशी लग्न करायचं दहा मिनिटांत ठरवलंत आणि या लोखंडाला पंधरा दिवस. मी म्हटलं, तेव्हा घाई केली म्हणूनच आता जपून आहे. त्या दिवशी आमटीत मीठ नव्हतं.

शेवटी मी घरातलं मोठं पातेलं घेतलं. काठोकाठ पाणी भरायचं, पुढच्या सीटवर ठेवायचं, रिकामी गाडी पुलाच्या पलीकडच्या रस्त्यावर वडाच्या पारापर्यंत न्यायची आणि परत आणायची. मग बोट बुडवून पाहायचं, किती उरलं. भाजीवाल्याची मऊ पाट्यांची गाडी मागून आणली. पाणी तीन पेरं कमी झालं. गॅसच्या टाक्या वाहणाऱ्याच्या गाडीला फुगे आहेत; दोन पेरं. आपल्या गाडीत पातेलं निम्मं झालं. सीट अजून वाळतेय. लोक हसले. हसू देत.

तोच रस्ता का घेतला, हे तुला सांगायला नको. पण आज सांगतो, कारण सांगितलंच नाही कधी.

जादाचा पाटा टाकून तेव्हा आठच दिवस झाले होते. तुमच्या गावात एका नव्या इमारतीवर फरशी उतरवली आणि परत रिकामंच यायचं होतं. तुला चौथा महिना. तू इकडे यायला दुसऱ्या दिवशीच्या बसचं तिकीट काढलं होतंस. मीच फोन केला. म्हटलं, बसमध्ये कशाला धक्के खातेस, मी रिकामा चाललोय, चल. तू म्हणालीस, बाबा, तिकीट वाया जाईल. मी म्हटलं, जाऊ दे. मला सोबत हवी होती, टकळे. तुझी बडबड ऐकत यायचं होतं, एवढंच कारण.

रिकामी कडक गाडी उडते, हे कुठल्याही ड्रायव्हरला कळतं. त्यावर उपायही सगळ्यांना माहीत आहे. मागे वाळूची चार पोती टाकायची, गाडी खाली बसते आणि मऊ चालते. पोती तिथेच पडलेली होती. मुकादम म्हणालासुद्धा, चार घेऊन जा, पुढच्या खेपेला आणून दे. पाच मिनिटांचं काम. पण मला पुलावर गर्दी व्हायच्या आत निघायचं होतं. म्हटलं, राहू दे.

तू स्वयंपाकघरातल्या कपाटाचा रंग सांगत होतीस. पिवळा घेऊ की हिरवा. शेजारणीच्या पोपटाची नक्कल करून दाखवलीस. पूल ओलांडला आणि पुढे कधीतरी तुझी टकळी थांबली. मला वाटलं, डोळा लागला. घरी जाऊन नीट झोपेल म्हणून मी वेग वाढवला. हे मला रोज आठवतं. ड्रायव्हर म्हणून आठवतं आणि बाप म्हणूनही.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की धक्क्यांनी असं होत नाही, ते टिकणारच नव्हतं. शिकलेल्या बाई आहेत, खोटं कशाला बोलतील. पण त्यांनी माझी गाडी पाहिलेली नाही. बाहेर तुझी आत्या मोठ्याने म्हणाली, अशा दिवसांत फिरायला सांगितलं कुणी हिला. तुझी आई रडत रडत खाटेपाशी येऊन तेच विचारू लागली. मी उशाशी तुझी पिशवी आणि चपला हातात घेऊन उभा. तू माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, “मीच हट्ट केला. बाबा नको म्हणत होते.” मी तोंड उघडणार होतो. खरंच उघडणार होतो. तेवढ्यात कुणीतरी आत डोकावून म्हणालं की पिकअप दारात आडवी लागलीय, काढा. मी गाडी हलवायला गेलो. तेवढं निमित्त मला पुरलं.

त्यानंतर घरात ते कायमचंच झालं. आपली पोरगी हट्टी, आत्या म्हणते, आई म्हणते, आणि मी मान डोलावतो. तू येतेस ती बसने. स्टँडवरून चालत येतेस. गाडी दारात असली तरी तिच्यात बसत नाहीस. मी कधी विचारलं नाही आणि तूही कधी बोलली नाहीस. तुझ्याजवळ न बोललेलं एवढं साठलेलं असेल, असं मला वाटलं नव्हतं. घरातली सगळ्यात बडबडी तू होतीस.

आता हे का लिहितोय ते. काल तुझा निरोप आला. तुझ्या आईने भाजी निवडता निवडता तो मोठ्याने वाचला: मागच्या वेळी माझ्याच हट्टाने झालं, या वेळी कुणाला घोर नको, मी इथेच राहते. टकळे, ते खोटं तू माझ्यासाठी बोलली होतीस. आता तूच ते खरं धरून बसलीस की काय? की अजून मलाच सांभाळतेयस? दोन्ही मला सहन होत नाही. मी तिथेच तुझ्या आईला सगळं सांगितलं, फोनपासून पोत्यांपर्यंत. ती उठली. भाजी तशीच ठेवली, पातेलं भरलं, मांडीवर घेऊन गाडीत बसली आणि म्हणाली, चला. वडाच्या पारापर्यंत आणि परत. उतरली तेव्हा कमरेखाली चिंब होती. म्हणाली, “आधी तिला लिहा. पाट्यांचं नंतर बघा.” जादाचा पाटा मी आज सकाळी स्वतः खोलून काढला. फुगे बसवणार आहे. रोजची पाच मिनिटं माझ्याच्याने होतील, मिस्त्री काही का म्हणेना. पण त्यासाठी तू यायला हवंस असं नाही. बसने ये, कुणाच्याही गाडीने ये, नको वाटलं तर येऊ नकोस, तुझी आई तिकडे येईल. एवढं मात्र ऐक. हट्ट तुझा नव्हता. बोलावलं मी, पोती टाकली नाहीत मी, आणि गप्प बसलो तोही मीच. आत्यालाही आज संध्याकाळी जाऊन सांगणार आहे. पत्र मिळालं की आईला फोन कर. मला काय म्हणायचं असेल ते म्हण, रागावून म्हण. मी तिच्या शेजारीच उभा असेन. या वेळी गाडी हलवायला जाणार नाही.

तुझाच,
बाबा