दहा हजार पानांची दौड

२ एप्रिल, मंगळवार

नाव घातलं! दहा किलोमीटर!

वाचनालयाची वाचन-मॅरेथॉन. एक पान म्हणजे एक मीटर. मुदत ३१ ऑक्टोबर, संध्याकाळी सहा. तीनची होती, पाचचीही होती. काउंटरवरची प्यो म्हणाली, "मिरानताई, पहिलंच वर्ष आहे, तीनची घ्या." झालं! मला कुणी तीनची घ्या म्हटलं की मी दहाचीच घेणार. पोरगी हसली आणि फॉर्मवर शिक्का मारला.

पुरी करणाऱ्याला प्रशस्तिपत्र मिळतं. नाव मोठ्यानं वाचून देतात म्हणे. माझ्याकडे आयुष्यात एकच प्रमाणपत्र आहे — केस कापायचा परवाना, पार्लरच्या भिंतीवर लावलाय. सहावीनंतर थेट कापडगिरणीत गेले, शाळेचा कागद कुठून असणार? त्या परवान्याशेजारी एक खिळा आजच ठोकून ठेवला. हसायचं त्यांनी हसा.

सासूबाई हसल्याच. "दहा हजार पानं! त्यापेक्षा दहा हजार लसूण सोल, किमची तरी होईल."

५ एप्रिल

पहिलं पुस्तक — २४८ पानं. एक बाई शहरातली नोकरी सोडते, गल्लीत दुकान काढते, येणारं प्रत्येक गिऱ्हाईक रडतं आणि बरं होऊन जातं. मुखपृष्ठावर पिवळा दिवा आणि मांजर. छान आहे. पण मी एकतीस वर्षं गल्लीत दुकान चालवतेय, माझ्याकडे रडून कुणी बरं झालेलं नाही. भांग वाकडा पडला म्हणून रडलेत.

१३ एप्रिल

दुसरं पुस्तक. पिवळा दिवा. मांजर. आता मुखपृष्ठावर मांजर दिसलं की ठेवून देणार.

९ मे

आज अनर्थ होता होता वाचला!

तोक्को आजी पर्मला आल्या होत्या — सुक्या मासळीचं दुकान आहे ना, त्या. रोलर गुंडाळले, औषध लावलं, डोक्यावर टोपी चढवली, आणि म्हटलं वीस मिनिटं आहेत तर जरा वाचू. खुनाची गोष्ट! इन्स्पेक्टर बाई तळघरात उतरतेय, दार मागून बंद होतंय — तेवढ्यात सासूबाई कोचावरून ओरडल्या, "अगं, त्या बाईचं डोकं शिजलं!"

पन्नास मिनिटं झाली होती. रोलर सोडले तर केस कसले, भांडी घासायची तारेची घासणी! मी माफी मागणार, तर आजींनी आरशात डोकं इकडून तिकडून पाहिलं, एक बट ओढून सोडली, ती टणकन परत गेली. "वा! हे पुढच्या वर्षापर्यंत जाणार नाही. मागच्या वेळी का नाही केलंस असं?"

आता आपल्या बहिणीला पाठवणार आहेत. बहिणीलाही अगदी असंच हवंय!

खुनी कोण ते मला चाळिसाव्या पानावर कळलं होतं. तरी मजा आली.

३० मे

मोजणी: ३,०८०. प्यो म्हणते, "ताई, तुम्ही पळत सुटलात!"

४ जून

यशस्वी कसं व्हावं याचं पुस्तक, २१० पानं. पहाटे साडेचारला उठा म्हणतो लेखक. आमच्या सासूबाई साठ वर्षं उठताहेत. विचारलं, "आई, यश आलं का?" म्हणाल्या, "तू आलीस."

हा टोमणा होता की कौतुक, दुपारपर्यंत ठरेना.

१८ जून

सासूबाईंच्या दुसऱ्या डोळ्याचंही मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. सगळं छान. डॉक्टर म्हणाले, आता सुईत दोरा ओवाल.

मला वाटलं होतं, आता तरी हे माझ्यामागचं लिगाड सुटेल. लग्न होऊन आल्यापासून एकच — बँकेचा कागद आला की "तू बघ गं, माझे डोळे..." दिराचं पत्र आलं की "वाच गं, माझे डोळे..." औषधाच्या पुड्यांना लाल दोरा, निळा दोरा. आता डोळे झाले नवे! आपलं आपण वाचा म्हणावं.

२ जुलै

नवे डोळे म्हणजे ताप आहे. आज सकाळपासून: आरशाच्या कोपऱ्यात डाग. कोचाखाली केस. माझ्या हनुवटीवर तीळ ("हा कधी आला?" जन्मापासून आहे!). आणि शेवटी, "तू इतकी म्हातारी कधी झालीस गं?"

या बाईला जुनाट मोतीबिंदूच शोभत होता.

२० जुलै, शनिवार

हे लिहू की नको? लिहिते. कुठेतरी ठेवलं पाहिजे.

वाचनालयात दर महिन्याला चांगले अभिप्राय भिंतीवर लावतात. या वेळी माझं कार्ड लागलं! एका बोटीवरच्या स्वयंपाक्याच्या गोष्टीवर लिहिलेलं. मी सासूबाईंना मुद्दाम घेऊन गेले. फुशारकी मारायची होती, दुसरं काय. वर माझं नाव एवढं मोठं — पोंग मिरान.

"आई, बघा, भिंतीवर लावलंय," म्हटलं आणि छत्र्या स्टँडला लावायला वळले. परत आले तर त्या एका कार्डापुढे हात मागे बांधून उभ्या. मान डोलावताहेत. मला बघून म्हणाल्या, "छान लिहिलंयस. अक्षरही वळणदार आहे."

ते कार्ड तिसरीतल्या कुठल्याशा पोराचं होतं. देवमाशाबद्दल. खाली खडूनं निळा देवमासा काढलेला. माझं कार्ड त्याच्या शेजारी होतं.

मला हसू फुटणार होतं. फुटलं नाही.

त्यांचे डोळे उत्तम आहेत. माझा तीळ दिसतो. अक्षर येत नाही. एकही. एकतीस वर्षं एका छपराखाली राहिले, एका ताटातलं खाल्लं, आणि मला पत्ता नाही! माहेरी चार भावांना शाळेत घातलं आणि हिला भावंडांना पाठीवर बांधून शेतात धाडलं, हे मला त्यांनीच सांगितलं होतं. शंभरदा सांगितलं होतं. मी तेव्हा काय ऐकत होते कोण जाणे.

"थँक्यू, आई," म्हटलं. घरी येईपर्यंत त्या देवमाशावरून माझं कौतुक करत होत्या. यांनाही सांगितलं नाही. कुणालाच सांगणार नाही.

मोजणी: ६,३०४.

२३ जुलै

युक्ती केली. जेवण झाल्यावर म्हटलं, "आई, माझ्या डोक्यात हल्ली मोठ्यानं वाचलं तरच शिरतं. तुम्हाला त्रास होईल का?"

"होईल," म्हणाल्या. "पण वाच."

मिठागरातल्या तीन बहिणींची कादंबरी घेतलीय. चार खंड! पहिल्या दिवशी बावीस पानं झाली. मनात वाचली असती तर साठ झाली असती. चालायचंच.

२६ जुलै

लसूण सोलता सोलता थांबल्या. "आणि मग?"

"उद्या, आई. गिऱ्हाईक आलंय."

"गिऱ्हाईकाला बसू दे की! ती थोरली सही करून बसली तर मीठ जाईल हातचं!"

गिऱ्हाईक — तोक्को आजींची बहीण — म्हणाली, "कसलं मीठ?" मग तिलाही पहिल्यापासून सांगावं लागलं.

११ ऑगस्ट

पार्लरचं काय झालंय! तोक्को आजी केस न कापताच येऊन बसतात. येताना टरबूज आणलं. मी कात्री चालवत असले की सासूबाई मागची गोष्ट सांगतात — त्यांची स्वतःची! पुस्तकात नसलेलं पण घालतात. धाकटीच्या नवऱ्याला काल त्यांनी दोन मुलं दिली. राहू दिली, मुलं असली तर बरंच आहे.

इतकं हसलेय मी या महिन्यात की गाल दुखतात.

मोजणी मात्र: ७,०२०. कासव!

३ सप्टेंबर

सासूबाईंना नवीन छंद. मंगळवारी आणि गुरुवारी ज्येष्ठांच्या केंद्रात पत्ते खेळायला जातात. डोळे चांगले झाले ना! लग्नाला निघाल्यासारख्या नटून जातात. परत आल्या की दमलेल्या असतात आणि चिडलेल्या. हरत असणार.

१७ सप्टेंबर

सणाचा दिवस. पितरांचं ताट, पोरं आली, तांदळाचं सोंगप्योन वळून वळून बोटं मोडून आली. मधली बहीण मिठागर सोडून शहरात पळाली या धक्क्यातून सासूबाई अजून सावरलेल्या नाहीत. पितरांपुढे वाकून उठल्या उठल्या मला हळूच म्हणाल्या, "ती परत येईल. तू बघ."

९ ऑक्टोबर

आपल्या लिपीचा वाढदिवस, म्हणून सुट्टी. तर सासूबाई आज बुधवार असून पत्त्यांना गेल्या! केंद्रात म्हणे केक होता. पत्त्यांवाल्यांना केक कशाला?

२२ ऑक्टोबर

९,५५१. नऊ दिवस. ४४९ पानं. एवढ्याचा कसला घोर, वाटेल कुणालाही. पण मोठ्यानं वाचायची आहेत ना! आणि पार्लरमध्ये या आठवड्यात दोन लग्नांची गर्दी.

आज प्यो गंभीर झाली. "ताई, चौथ्या खंडात अडकलात तर जाल कामातून. पातळ पुस्तकं घ्या — कविता. एका पानावर सहा ओळी असतात, तरी पानच धरतात. नियमात बसतं." पोरगी मनापासून सांगत होती. तीन घेऊन आले.

एक उघडलंही. सहा ओळी, चंद्र, वारा, उलट. सहा ओळी, एकच शब्द, उलट. दहा मिनिटांत तीस मीटर! असं पळत राहिले तर रविवारपर्यंत काम फत्ते.

तेवढ्यात सासूबाई येऊन समोर बसल्या. हात मांडीवर घेतले. मी विचारलं, "काय?" तर म्हणाल्या, "काही नाही. ती मधली स्टेशनवर उभी आहे, तिला तसंच उभं ठेवलंयस. म्हटलं, थंडी वाजत असेल."

कवितांची तिन्ही पुस्तकं पिशवीत टाकली. उद्या परत.

२६ ऑक्टोबर

९,७४०. घसा बसलाय. मध घातलेलं आल्याचं पाणी सासूबाईच करून देतात, आणि कप रिकामा व्हायच्या आत — "हं. पुढे."

३० ऑक्टोबर

९,८६३. १३७ राहिली. उद्या सकाळपासून बसले तर होतील! दुकान बंद ठेवते, पाटी लावते. खिळ्यावरची धूळ पुसली.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी नऊला पुस्तक उघडलं. सासूबाई दारात, पत्त्यांना निघालेल्या, बुटात एक पाय. "मी आल्याशिवाय पुढे जाऊ नकोस हं," म्हणाल्या. "शेवट आहे."

मनात वाचलं असतं तर तीन तासांत झालं असतं. आधी मनात वाचून मग त्यांना वाचून दाखवता आलं असतं, हेही सुचलं, मी काही बावळट नाही. पण शेवट मला आधीच कळला असता. मग 'आणि मग?' त्या एकट्याच म्हणाल्या असत्या. पुस्तक मिटलं. आरसे पुसले. टॉवेल धुतले. दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होते, शिव्याही घातल्या, खोटं कशाला लिहू?

त्या साडेतीनला आल्या. तोक्को आजीही आल्या. वाचायला बसले.

मधली परत आली! मीठ वाळवायच्या दिवसांत, भर दुपारी, बूट हातात घेऊन. सासूबाईंनी मांडीवर एवढ्या जोरात थाप मारली की लसणाची परडी उपडी झाली. "म्हटलं नव्हतं? म्हटलं नव्हतं?" तोक्को आजी रडत होत्या. मीही. सगळा ॲप्रन भिजला.

शेवटचं पान उलटलं तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते. सहाच्या ठोक्याला होते तिथवरचीच धरायची. मोजणी: ९,९१२.

अठ्ठ्याऐंशी पानं कमी.

प्योला फोन केला. ती बिचारी माझ्यापेक्षा जास्त हळहळली. प्रशस्तिपत्र नाही. वाईट वाटतंय, खूप वाटतंय. आणि तरीही आजच्यासारखा दिवस मला आठवत नाही. दोन्ही खरं आहे. खिळा राहू दे, कॅलेंडर लावू.

४ नोव्हेंबर, सोमवार

बाजारातून आले, वही काढली. गुरुवारच्या नोंदीखाली हे होतं. पेन्सिलीनं, एकेक अक्षर पावट्याएवढं, तीन ठिकाणी खोडून कागद फाटलाय. जसंच्या तसं उतरवते, पेन्सिल पुसली जाईल म्हणून —

"सूनबाई. ही वही मी वाचली. ऑक्टोबरच्या आठ तारखेपासून रोज, तू बाजारात गेलीस की. माझ्याबद्दल वाईटसाईट पुष्कळ आहे. बरंचसं खरं आहे. पत्ते मला येत नाहीत. केंद्रात अक्षरांचा वर्ग आहे. जुलैचं पान मी चारदा वाचलं. तुला कळलं होतं, तू कुणाला सांगितलं नाहीस. तुझं अक्षर घाण आहे, आमच्या बाई खपवून घेणार नाहीत. भरलेली पानं मोजली. शंभर आहेत. तुझी अठ्ठ्याऐंशी त्यातून घे. बाकीची बारा माझी."