पारखखात्याचे साहेब जेवायला आले तेव्हा

आई, गेल्या महिन्यात आमच्याकडे एक कागद आला. पारखखातं बंद झालं म्हणून. साधा पांढरा कागद, दीड ओळ मजकूर, खाली सही. ज्या खात्याचं नाव घ्यायचं तर तू आधी मोरीतला नळ सोडायचीस, ते असं दीड ओळीत संपलं. ह्यांनी कागद दोनदा वाचला, घडी करून चष्म्याच्या घरात ठेवला आणि डाळिंबाच्या रोपांना पाणी द्यायला निघून गेले. मी मात्र तेव्हापासून मनातल्या मनात तुझ्याशीच बोलते आहे. आज इंदापूरचा बाजार आहे, हे रोपं घेऊन गेलेत, घरात कुणी नाही. म्हणून वही घेऊन बसले.

आता इथं कुणाच्या हाताला गुण असला तर लोक उघड सांगतात. आमच्या समोरच्या घरातल्या सुनेनं हात फिरवला की सुकलेला वेल पालवतो. परवा तिच्या सासूनं तिला ओट्यावर बसवून सगळ्या गल्लीला दाखवलं. मी बघत उभी होते आणि मला मोरगावची ती म्हातारी आठवत होती. शेळ्या तिच्याशी बोलायच्या. खात्यानं तिला नेलं, तिचा हातगुण उतरवला आणि आठ दिवसांनी एसटीत बसवून परत पाठवलं. आपण देवाला गेलो होतो तेव्हा ती पारावर बसलेली. शेळ्या धावत येऊन तिच्या लुगड्याला तोंड लावत होत्या आणि ती त्यांच्याकडे दुसऱ्या कुणाच्या तरी असाव्यात तशी बघत होती. तू माझा हात धरलास तो बारामतीच्या स्टँडवर उतरेपर्यंत सोडला नाहीस. तेव्हा मला कळलं नव्हतं की तू स्वतःसाठी भीत होतीस.

तुझ्या हातचं खाल्लं की माणसाला खोटं बोलता येत नसे. ताटावरून उठेपर्यंतच, पण तेवढ्यात काय काय व्हायचं! बाबा गेल्यावर तू सांगवीहून बारामतीला आलीस, स्टँडमागं चार टेबलांची खानावळ टाकलीस, आणि वर्षभरात आसपासच्या गावांना हे ठाऊक झालं. ठाऊक झालं, पण कुणी तोंडानं बोललं नाही. लोणी भापकरची माणसं सोयरीक पक्की करायच्या आधी मुलाला ‘सहज’ म्हणून तुझ्याकडे जेवायला आणत. एक मुलगा तिसऱ्या घासाला म्हणाला, मला लग्नच करायचं नाही. त्याच्या वडलांनी शांतपणे ताक मागितलं आणि दोघं आले तसे परत गेले. पोटच्या पोरीवर मात्र तुझा गुण चालत नव्हता. शाळेत असताना तुझ्याच हातची भाकरी खात मी तुला बिनधास्त थापा मारायचे.

मग तो आला. मी तेव्हा चोवीस वर्षांची, बियाण्याच्या दुकानात कामाला, दुपारी तुझ्याकडे वाढायला येणारी. तो रोज एकच्या सुमाराला येऊन कोपऱ्यात बसायचा. खताच्या कंपनीत आहे, असं त्यानं पहिल्या दिवशी सांगितलं होतं, पण ते नुसतं पाणी पिताना, ताट यायच्या आधी. जेवताना तो कधी चकार शब्द बोलत नसे. एके दिवशी साखर कारखान्याच्या ट्रकवरचा ड्रायव्हर शेजारी बसला आणि त्यानं आपलं सहज विचारलं, “पाव्हणं, तुमचं काम नेमकं काय वो?”

त्याच्या तोंडात घास होता. तो म्हणाला, “मी पारखखात्याचा माणूस आहे. या मावशींवर नजर ठेवायला मला पाठवलंय.”

तुझ्या हातातला डाव आमटीच्या पातेल्यावर तसाच थांबला. आणि त्याला काही थांबता येईना. “मला हे काम अजिबात आवडत नाही,” तो म्हणाला. “ठेचा फार छान झालाय. आणि तुमची मुलगी वाढायला आली की मला...”

“पुरं!” तू म्हणालीस. “त्वांड मिट आन् जेव गुमान.”

तो लालबुंद होऊन, खाली मान घालून जेवला आणि निघून गेला. तू त्या दुपारी भांडी घासताना एवढंच म्हणालीस, “आता नेत्यात बघ मला.” मला रडू आलं, तर मलाच रागावलीस, की रडून भांडी निघत न्हाईत.

नेलं नाही कुणी. आठ दिवसांनी तोच आला, भर सकाळी, चूल पेटायच्या आधी. उभ्या उभ्याच म्हणाला की त्यानं स्वतः काहीच कळवलेलं नाही, पण त्या दिवशी पंगतीत खात्याचा दुसरा कुणीतरी होता, त्यानं वर कळवलंय. उद्या साहेब स्वतः येणार. साहेबांची पारख साधी असते. जेवतात, आणि जेवता जेवता एक खोटं बोलून बघतात. ते तोंडातून सरळ निघालं तर बाईचा हात साधा. घशात अडकलं, तर गाडी बाहेर उभीच असते.

“खानावळ बंद ठेवते मी उद्या,” तू म्हणालीस.

“मग त्यांना तेवढंच पुरेल, मावशी.”

तू त्याला नखशिखांत न्याहाळलंस. “आन् तू खरं बोलतुयास कशावरनं? आज तू जेवला न्हाईस.”

“वाढा मग,” तो म्हणाला आणि खाली बसला. तू रात्रीची अर्धी भाकरी आणि मिरचीचा खर्डा त्याच्या पुढ्यात ठेवलास. त्यानं ती सगळी खाल्ली आणि मघाचं सगळं अक्षर न् अक्षर परत सांगितलं. मग तू माझ्याकडे वळलीस. “उद्या समदं तू रांधायचं. मी पिठाला बोट लावनार न्हाय.”

दुसऱ्या दिवशीची तू मला अजून दिसतेस. उंबऱ्यात बसली आहेस, दोन्ही हात पदराखाली. तुझे हात रिकामे मी त्याआधी कधी पाहिलेच नव्हते. मी आत धुरात. साहेब आले ते अगदी कुणाही मास्तरांसारखे, अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि कापडी पिशवी. मी ताट वाढलं. भाकरीला कडेनं चिरा गेलेल्या, मधे कच्ची. आमटी खालून लागलेली आणि मिठानं जहर. साहेबांनी पहिला घास घेतला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तू उंबऱ्यातूनच विचारलंस, “कसं झालंय जेवान, सायेब?”

त्यांनी खूप वेळ चावलं. मग ते स्वच्छ, मोकळ्या आवाजात म्हणाले, “फारच चविष्ट! अगदी आमच्या आईच्या हातची आठवण झाली.”

शेजारच्या टेबलावर तोच ट्रकवरचा ड्रायव्हर बसला होता, त्याच्या नाकात पाणी गेलं. साहेबांनी पिशवीतून वही काढून एक ओळ लिहिली, उरलेलं ताट बाजूला सारलं आणि गेले. गाडी रिकामी गेली. ती वळणाआड गेल्यावर तू उठलीस, मला जवळ घेतलंस आणि हसत सुटलीस. “माझी लेक लई हुशार! चांगलं रांधलं आसतं, तर ‘चांगलं झालंय’ म्हनल्यालं खरंच झालं आसतं की. सायबाला खोटं बोलायला जागा ठिवली तिनं!”

पुढं वर्षभरानं ह्यांनी मला मागणी घातली. आधी तुझ्याकडे ताट मागून घेतलं, पोटभर जेवले आणि मग विचारलं. तू एकच प्रश्न केलास, “संभाळशील का?” ते म्हणाले, “मला भीती वाटते, पण हो.” तुला ते उत्तर फार आवडलं. खात्यानं ह्यांना इंदापूरला पाठवलं आणि ह्यांनी इतकी वर्षं इथून ‘काही आढळलं नाही’ एवढंच लिहून धाडलं, बाकी वेळ रोपवाटिका केली. आमचं बरं चाललंय, आई. भाकरी हेच थापतात. तू शेवटपर्यंत तुझ्या गुणासकट राहिलीस, सकाळी पीठ मळलंस आणि दुपारी झोपेत गेलीस. माझ्यासाठी तेवढं पुष्कळ आहे.

हे पत्र मी कुठल्या पेटीत टाकणार? वही पुन्हा कपाटातच जाईल. पण त्या दिवसाची गोष्ट तू हलक्या आवाजात विश्वासातल्या माणसांना, जावयाला, दवाखान्यातल्या नर्सलासुद्धा सांगत राहिलीस, आणि मी दर वेळी शेजारी बसून नुसती हसले. आई, मी मुद्दाम काही केलं नव्हतं. पहाटे उठून, देवाला हात जोडून, मला येत होता तेवढा चांगला स्वयंपाक मी केला होता.