भरतचा हात

मंचर, १३ ऑक्टोबर २०२५

ती. अंजनामावशीस,
तेजस्विनीचा शि. सा. न. वि. वि.

पायाचं ड्रेसिंग वेळच्या वेळी करून घेतेस ना? का अजून ऑपरेशन झालेल्या पायानं खोडदभर फिरतेस? तुला फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून गेणभाऊंच्या पिकअपमधून चिठ्ठी पाठवतेय.

तुझा भरतदादा इथं आमच्या निवासी केंद्रात आता रुळलाय. सकाळी माझ्या हातातला झाडू ओढून घेतो आणि अंगण लख्ख करतो. पण एक गोष्ट तुझ्यापासून लपवणं बरं नव्हे. गेल्या महिन्यात दहा तारखेला, बुधवारी, आणि आता परवाच्या शुक्रवारी त्यानं रात्रीच्या जेवणाचं ताट ढकललं. थोड्या वेळानं परत वाढलं, तर समोरच्या सेवकाच्या तोंडावर अन्नासकट हात मारला. सेवकानं हात धरल्यावर ओरडून त्याला बोचकारलं. दोन्ही वेळा माझी दिवसपाळी संपली होती.

ज्यांना बोलून सांगता येत नाही, त्यांच्या वागण्यामागचं कारण शोधायचं, हेच माझं काम. आता त्यासाठी केंद्रानं एआय आणलंय. कॅमेऱ्यातून बघतं आणि रिपोर्टही तेच लिहितं. त्यानं लिहिलंय की भरत दर महिन्याला हिंसक होतो. आमच्या प्रमुख शीलाताईंना ते पटलंय. मला पटत नाही, पण माझ्याकडं दुसरं कारणही नाही. तुला काही सुचलं तर लगेच कळव.

तुझ्या रागाचीही सवय असलेली,
तेजस्विनी


खोडद, १६ ऑक्टोबर

चि. तेजस्विनीस,
मावशीचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. अगं, अठ्ठावीस वर्षांत त्या लेकरानं कुणाला बोट लावलं न्हाई. म्हशीनं लाथ मारली तरी तिलाच कुरवाळत बसतो. कुणीतरी डिवचलं असंल त्याला. त्या मशिनीला काय ठावं, ती काय त्याच्यासंगं एका पंगतीला बसली व्हती? आन् तू गं? येवढी शिकलीस, पगार घेतीस, आन् मलाच इचारतीस व्हय?

रागावले, मनात धरू नको. तू तिथं हायेस म्हणून तर त्याला धाडला. पाय बरा झाला की घरी आणीन, पण मी काय जन्माला पुरणार हाय? माझ्यामागं त्याला तुमच्या केंद्राबिगर कोण हाय? तिथनंबी काढला, तर कुठं जाईल तो?

तुझ्यावरच भिस्त ठेवून बसलेली,
अंजनामावशी


मंचर, ३ नोव्हेंबर

ती. मावशीस,
शि. सा. न.

करंज्या पोचल्या. दादानं एकट्यानं निम्म्या संपवल्या. पण मावशी, करंजीसुद्धा गोड लागली नाही.

एआयनं आता पुढचा दिवसही सांगितलाय, येत्या शनिवारी, आठ तारखेला. डॉक्टरांनी त्यावरून शांत ठेवायची गोळी लिहून दिलीय, दर महिन्याला त्या सुमारास द्यायची. त्या कागदावर माझी सही लागते. सही केली तर दादा गुंगीत पडून राहील. नाही केली आणि त्यानं परत हात उगारला, तर केंद्र त्याला ठेवणार नाही. शहरातल्या मनोरुग्णालयाच्या बंद वॉर्डाचं नावसुद्धा शीलाताई काढून बसल्यात. वाईट नाहीत गं त्या. बोचकारलेल्या सेवकाचीही त्यांना काळजी आहे.

मी सही टाळतेय, पण किती दिवस टाळू? मावशी, शांतपणे आठव. महिन्यातून एकदा तुमच्या घरात असं काय असतं?

तुझ्या उत्तराची वाट बघत,
तेजू


खोडद, ५ नोव्हेंबर

चि. तेजूस,
लाख आशीर्वाद. आधी सगळं वाच, मग मला शिव्या दे.

आठ तारीख वाचली, उठले, भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं, आन् कपाळावर हात मारून घेतला. अगं, संकष्टी हाय त्या दिवशी! मागच्या दोन्ही बारीला संकष्टीच व्हती. कॅलेंडरवर गणपतीचं चित्र आलं की भरत वळखतो, तिथंबी असंलच की कॅलेंडर. ओझरच्या विघ्नहराला मी त्याच्याचसाठी नवस बोलले व्हते, तवापासनं उपास धरते. रातचं चंद्र उगवल्याबिगर तोबी ताटाला शिवत न्हाई. मग पयला घास मला भरवतो, आन् तवाच खातो. लई धसमुसळा भरवतो, निम्मं माझ्या नाकात जातं. मी तोंड फिरवलं तर बिथरतो.

त्यो मारत न्हाई गं. घास भरवतोय त्यो.

तुमच्या लोकांनी इचारलं व्हतं, खाण्यापिण्याचं काही हाय का म्हणून. मी म्हणाले, समदं खातो. उपास का कुणाला सांगायची गोष्ट हाय? घरात उपास असतोच की. माझीच चूक, पण सही करू नको. तुला आईची आण हाय.

जीव मुठीत धरून बसलेली,
मावशी


मंचर, ९ नोव्हेंबर

ती. मावशीस,
साष्टांग नमस्कार, आणि हे पत्र उभ्यानं वाचू नकोस.

तुझं पत्र शीलाताईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या की आईला असं वाटणारच. शेवटी कबूल झाल्या, चंद्र उगवेपर्यंत थांबतो. पण गोळी हातात घेऊन दारातच उभ्या राहिल्या. मी सकाळपासून उपास धरला होता.

साताला दादानं ताट ढकललं. मी ते तिथंच झाकून ठेवलं. चंद्र वर आला तसा तो अंगणात गेला, हात जोडून आला आणि माझ्यासमोर बसला. वरणात चपाती बुडवली आणि हात थेट माझ्या तोंडावर आणला. खोटं कशाला बोलू, मी घाबरले. बाई गं, केवढ्या जोरात येतो त्याचा हात! कशीबशी जागेवर बसून राहिले आणि आ केला.

त्याच वेळी शीलाताईंचा मोबाइल कोकलायला लागला. कर्मचाऱ्यावर हल्ला झालाय, ताबडतोब मदत पाठवा, असं त्यावर एआयनं कळवलं होतं. ताई एकदा मोबाइलकडं बघतात, एकदा माझ्याकडं. मला बोलता येईना, माझं तोंड भरलेलं. डोळ्यांतनं मात्र घळाघळा पाणी वाहत होतं. दादा खाली मान घालून जेवायला लागला होता.

ताईंनी गोळी पाकिटात परत घातली. दोन्ही जुने रिपोर्ट त्या बदलून घेणार आहेत. बंद वॉर्डाचं नाव आता निघायचं नाही. तो सेवक बिचारा रडवेला झाला. म्हणाला, त्याला वाटलं दादा उष्टं फासतोय.

तुझ्या भरतच्या हातचं जेवलेली,
तेजू


खोडद, १२ नोव्हेंबर

चि. तेजूस,
मावशीचे पोटभरून आशीर्वाद.

आता तुला खरं सांगते. साखर वाढली तवाच डाक्टरनं मला उपास बंद करायला सांगितला व्हता. पायाची जखम त्यापायीच चिघळती म्हणाला. तरी मी चोरून धरत व्हते. म्हटलं, मी सोडला तर पोराचा घास घेणार कोण? देवाला न्हाई गं भ्याले, त्यो बिथरंल ह्यालाच भ्याले. परवाच्या शनिवारीबी धरला, आन् ताट म्होरं घेऊन एकटीच बसले. घास काही उतरला न्हाई.

पाय बरा झाला की त्याला न्यायला येईन. पर माझ्यामागं त्यो कुठं ऱ्हाईल, हे आता इचारायचं उरलं न्हाई.

पुढल्या संकष्टीला ऐतवार हाय. तुझी सुट्टी असली तरी त्याच्याकडं जा. उपास तू धर. मी त्या दिवशी दुपारीच जेवीन.

तुझी,
अंजनामावशी