आबासाहेबांना दिलेले जाम

देसाईगंज, रविवार

ती. सुगंधाबाईस, धाकट्या भावाचा, नानाजीचा, पायांवर डोके ठेवून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला? चिमुरात थंडी फार पडली असे ऐकतो. आम्ही इकडे खुशाल आहोत, म्हणजे मी सोडून सगळे.

दिव्याच्या बँकेतला तो साताऱ्याचा मुलगा, धैर्यशील, तुला फोनवर सांगितला होता. दोघांनी आपसात ठरवले, आता थोरांनी फक्त हो म्हणायचे होते. एवढ्या सोप्या कामात मी काय करू शकतो, ते वाच.

त्याचे वडील आबासाहेब. निवृत्त मुख्याध्यापक, सुपारीसुद्धा न खाणारे. येणार असल्याचा त्यांचा फोन आला तेव्हा मला वाटले, पश्चिमेकडची माणसे, जरा शुद्ध बोलावे. म्हणून 'खातो' न म्हणता 'घेतो' म्हणालो. (तिथेच घात झाला.) म्हटले, या, या, आमच्या घरचे जाम घेतल्याशिवाय तुम्हाला सोडणार नाही. मी रोज उठल्याउठल्या दोन घेतो, पोट साफ राहते. दिव्यालाही लहानपणापासून सवय आहे, मीठ-तिखटासोबत.

पलीकडून फोन बंद झाला. मला वाटले, रेंज गेली.

आता आपल्याकडे जाम म्हटले की शेंबडे पोरही झाडावर चढते. साताऱ्यात त्याच फळाला पेरू म्हणतात, आणि जाम म्हणजे दारूचा प्याला, हे मी विसरलो. त्यात हा दारूबंदीचा जिल्हा! बिचारे घरात कोणाला काही न बोलता, बायको-मुलाला घेऊन, स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करायला आले. धैर्यशील गाडी सावलीत लावायला गेला होता, दिव्या स्वयंपाकघरात. आबासाहेबांनी हळूच विचारले, "घरीच काढता?"

"घरीच. मागं परसात."

"पोलीस काही म्हणत नाहीत?"

"ते काय म्हनतील? गल्लीतले हवालदार सोता पिशवी भरून नेतात."

"आणि मुलीला हे चालतं?"

"अहो, तिनंच तं लावलं लहानपणी! तिच्या हातगुणानंच एवढं पिकून राह्यलं."

आबासाहेबांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि बायकोला म्हणाले, "चला." काय चुकले ते मला कळेना. इतक्यात तुझी भावजय आशा ताट घेऊन आली. म्हणाली, "बसा ना जी, जाम तं घ्या." आबासाहेबांनी ताटाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि मटकन बसले. "अहो, हे पेरू आहेत!" तेवढ्यात धैर्यशील आत आला. त्याला सारा प्रकार कळला आणि तो दाराला धरून हसत सुटला. दिव्या मात्र हसली नाही. आतून माझ्याकडे असे पाहिले तिने, की मला माझी एसटीतल्या कंडक्टरकीची पहिली चुकलेली घंटी आठवली.

बाई, शहाण्या माणसाने इथे गप्प बसावे. मी मात्र खुर्ची पुढे ओढली. म्हटले, आबासाहेब, हा शब्द आमचा एकट्याचा नाही. सिरोंच्याच्या फेऱ्या करताना ऐकले, तेलुगू माणूसही याला जामच म्हणतो. फारसीत जाम म्हणजे प्याला, इंग्रजीत पावाला लावायचा मुरंबा. आणि तुमचा पेरू तरी कुठे तुमचा आहे? पोर्तुगीज भाषेत पेरा म्हणजे नाशपाती, त्यावरून तो आला म्हणतात. हिंदीतला अमरूद फारसीतून आला, तिथे तीही नाशपातीच! पोर्तुगीजांचा पेरू हा तर एक मोठा पक्षी आहे. इंग्रज त्याच पक्ष्याला टर्की, म्हणजे तुर्कस्तानचा समजतात, तुर्क त्याला हिंदी, म्हणजे हिंदुस्थानचा म्हणतात. बिचाऱ्याला घ्यायला कोणताच देश तयार नाही.

आशा नंतर म्हणाली की मधल्या काळात आबासाहेब दोनदा म्हणाले, "मुलगी आम्हाला पसंत आहे." मला ऐकू आले नाही. मी तेव्हा तुर्कस्तानात होतो.

धैर्यशीलची आई भिडस्त. मी बोलत असताना उठून जाणे बरे दिसत नाही म्हणून ती माउली एकामागून एक जाम खात राहिली, बियांसकट. परवा धैर्यशीलचा फोन आला की आईचे पोट जाम झाले आहे. (हा आणखी एक अर्थ. मी सांगायला सुरुवात केली, पण फोन कटला.)

भाऊजींना नमस्कार.

तुझा,
नानाजी

ता. क. साखरपुड्यात मुलीकडून तू बोलावेस, ही विनंती. माझी नाही, दोन्ही घरांनी मिळून ठरवले आहे. मला अक्षता वाटायचे काम दिले आहे.

ता. क. दुसरा. खरे सांगायचे ते राहिलेच. लग्नानंतर महिनाभर इकडे येऊन राहा. माझे शब्द या घरात एकटी दिव्याच ऐकत असे. भाजी निवडता निवडता विचारायची, "मंग बाबा, पुढं?" आता ती साताऱ्याला बदली मागते आहे. आशा ऐकत नाही, आणि नुसत्या भिंतीशी किती बोलू? तुझे कानाचे यंत्र बिघडल्याचे भाऊजी म्हणत होते. ते दुरुस्त करायची काही घाई नाही. तशीच ये.