गोळी घेतली म्हणणारा फोन

प्रिय भवाने,

पत्र बघून घाबरू नकोस, जिवंत आहे. फोनवर मी बोलायला लागले की तू लगेच तक्रार टिपायला घेतेस, म्हणून मीच लिहायला बसले. मध्ये दोनदा उठून गॅस बघून आले. बंदच होता.

गोळ्यांची आठवण करून देणारं तुमचं ते अ‍ॅप. तुमची कामाची रीत मला पटते हं. सगळं आधी ठरवून वर्षभर खपायचं नाही. थोडं करायचं, माझ्यासारखीच्या हातात द्यायचं, शिव्या खायच्या, पंधरा दिवसांनी बदलून आणायचं. शिव्या द्यायला माणूस मात्र बरोबर निवडलंत! अक्षरं बारीक म्हटलं, मोठी केलीस. गोळी घेतली की दाबायचं ते बटण बोटाखाली येईना, बशीएवढं केलंस. मग म्हटलं, मी गोळी घेतलेली नसताना हे मेलं ‘घेतली’ म्हणून दाखवतं, खोटारडं आहे. तर आता पुढच्या फेरीत ते दाखवणंच काढून टाकणार म्हणतेस. वर मला सांगतेस, ‘आजी, वापरणारा कधी चुकत नाही, चूक आमचीच.’ हे कुणी शिकवलं गं तुला?

परवा सकाळी फोन परत म्हणाला, घेतली. मी त्याला एक सणसणीत हासडली आणि डबी उघडली. त्या वाराचा कप्पा रिकामा. जिभेवर कडू चव तशीच. तेव्हापासून या खोलीतून त्या खोलीत फिरतेय, बूड टेकत नाही. काल शेजारणीची उसनी साखर द्यायला गेले. म्हणाली, ‘अहो, सकाळीच दिलीत की!’ हसली, पण ते हसणं नेहमीचं नव्हतं.

म्हणून लिहितेय. त्या अ‍ॅपला हात लावू नकोस, ते खरं बोलत होतं. माझ्या एकटीच्या बोलण्यावरून बदललंत तर बाकीच्या म्हाताऱ्या दोन-दोन गोळ्या गिळून बसतील. साहेबाला सांग, बिघाड आजीच्या डोक्यात आहे. रविवारी ये, मला डॉक्टरकडे ने. रडत आलीस तर दारातूनच परत पाठवीन. तुझ्या बापाला आत्ता कळवू नकोस; तो ऐकल्या ऐकल्या माझं बोचकं बांधायला येईल. डॉक्टर जे म्हणतील ते मला तोंडावर सांगायचं. विसरले, तर परत सांगायचं.

तुझीच,
तोंडाळ आजी