नावाडी कुठं गेला

शनिवार, १२ नोव्हेंबर २००५. किन्हवली.

शहापूरच्या सायबर कॅफेत आज गेमचा दुसरा भाग सुरू केला. काठाला नाव बांधलेली आहे, पण पहिल्या भागातला नावाडी नाय. त्याचं काय झालं, एक शब्द नाय. कॅफेवाला म्हणाला, "ते पुस्तकात आहे," आणि त्या गेमवरची जाडी इंग्रजी कादंबरी हातात दिली. का म्हणून? खेळणाऱ्याला गोष्ट खेळातच मिळायला पायजे ना.

पहिला भाग मी काकीला भात झोडताना रोज सांगितला. तिला त्यात फक्त तो नावाडी आवडला. काका कामाला म्हणून गेले त्याला नऊ वर्षं झाली, परत आले नाय. आज मी दारात पाय ठेवला तशी तिनं विचारलं, "नावाडी गावला का रे?" म्हटलं, "आज लाइट नव्हती गो."

मग डिक्शनरी घेऊन नावाड्याची पानं तेवढी शोधत बसलो. मेला असंल, असंच धरून वाचत होतो. ते सांगता आलं असतं. पण नावाडी जिवंत आहे. पलीकडच्या काठावर त्याचं दुसरं घर आहे, पोरं आहेत.

उद्या झोडताना ती परत विचारणार. पुस्तक भाताच्या कणगीमागं लपवलंय. काकीला इंग्रजीचं एक अक्षर येत नाय, तरी लपवलंय.